वारा सरण्याआधी

लाय श्यू-चिनच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत. बुदाईच्या खाडीकाठी सातव्या वर्षी ती आईशेजारी कालवं फोडायला बसली, ती लग्न होऊन ज्यायी शहरात येईपर्यंत उठलीच नाही. पुढं तेरा वर्षं इस्पितळात रोजानं रुग्ण सांभाळले. दिवसातून पन्नास-साठ वेळा हात जंतुनाशकात. शिंपल्यांनी जे शिल्लक ठेवलं होतं ते औषधानं खाल्लं. इस्पितळाच्या दारातलं हजेरीचं यंत्र तिच्या अंगठ्याला ओळख देत नाही. फोनचंही तेच, एका अक्षरासाठी तीनदा बोट आपटावं लागतं.

"फोन मला मेलेलीच धरतो, आमा," असं ती म्हणते, आणि हसत नाही. हसायलाही ताकद लागते, ती ती जपून वापरते.

आमा म्हणजे मी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आमच्याकडे सगळी गल्ली आजीच म्हणते. माझं घर पूर्वेच्या बाजारामागं आहे, चार मजले आणि रुंदी एका खोलीची. वरच्या खोल्यांत मी नर्सिंग कॉलेजच्या मुली ठेवते. गेल्या तीस वर्षांत किती आल्या आणि गेल्या. सगळ्या अठरा-एकोणीसच्या, ओल्या केसांनी जिना उतरणाऱ्या. श्यू-चिन आली तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई खोली बघायला आली. तिनं बॅग खाली ठेवली आणि विचारलं, शेहेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी चालेल का. मी म्हटलं, मी चौपन्नाव्या वर्षापर्यंत मिशा लावून राजपुत्र होत होते, मला वयाचं काय सांगतेस.

आमच्या गाण्याच्या नाटकात राजपुत्र बाईनंच व्हायचा असतो. पण ते असो. गोष्ट श्यू-चिनची आहे.

तिला नर्स का व्हायचं होतं, हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही कांद्याची पात निवडता निवडता. बारा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा कोळी होता. त्याचे ओठ बदलले, श्वास बदलला, हे तिला कळलं. तेरा वर्षं माणसाच्या उशाशी बसलं की कळतं. ती तीनदा बोलवायला गेली. तिसऱ्यांदा नवी नर्स म्हणाली, काकू, तुम्ही फक्त लंगोट बदला, बाकीचं आमच्याकडं असू द्या. म्हातारा वाचला, पण अकरा दिवस त्याचा श्वास यंत्रावर चालत होता. श्यू-चिन नर्सवर चिडली नाही. पोर बरोबरच होती, म्हणाली. ज्याच्या हातात परवाना नाही त्यानं सलाईनच्या नळीला हात लावायचा नाही. मग तिनं परवाना काढायचं ठरवलं. त्याच महिन्यात तिनं संध्याकाळच्या कॉलेजाचा अर्ज भरला.

सकाळी सातला वॉर्ड, संध्याकाळी साडेसहाला वर्ग. मध्ये स्कूटर, आणि सिग्नलला उभं राहून खाल्लेला एक उकडलेला बटाटा. वर्गात पहिला तास ती डोळे ताणून बसे, दुसऱ्या तासाला मान झुके, तिसऱ्याला कपाळ बाकाला टेके. शेजारच्या मुली तिच्या डोक्याखाली आपली जाकिटं सरकवत. माया होती, नाही असं नाही. बावन्न जणांच्या त्या वर्गात सगळे तिला चिन-ताई म्हणत.

अशी झोपणारी बाई पास कशी होत होती? सामायिक लेखणीमुळं.

आमच्या बेटावरच्या वैद्यकीच्या आणि नर्सिंगच्या पोरांची ही रीत आहे. मुलं तिला गोंगबी म्हणतात. गोंग म्हणजे सामायिक, बी म्हणजे लेखणी. सत्र सुरू झालं की वर्गाची यादी करून तास वाटून घेतात. ज्याच्या वाट्याला जो तास आला त्यानं तो ध्वनिमुद्रित करायचा, शब्दन् शब्द उतरवायचा, आणि आठवड्याच्या आत इंटरनेटवरच्या सगळ्यांच्या एका कागदात घालायचा. तो कागद बावन्न जणांना एकाच वेळी उघडतो. शिक्षक जे तीनदा बोलले ते लाल. मागं कधी परीक्षेत आलेलं असेल त्याला तारा. शिक्षकांनी विनोद केला असेल तर तोही कंसात. मग वर्गाची संपादक तो तपासते, वर हिरवी खूण करते, आणि परीक्षेआधी सगळे तेवढंच पाठ करतात. पुस्तक कोण उघडतो? आमच्या काळीही संहिता नव्हती. दुपारी एक जण कथा सांगायचा, संध्याकाळी आम्ही ज्याचं त्याचं बोलणं रचायचो. एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुके. पण समोरचे शेंगा फोडत बसलेले असत, माफ करून टाकत.

श्यू-चिनचा सगळा जीव त्या कागदात होता. एका विषयाचे सतरा तास दुसऱ्यांनी लिहायचे, एक तिनं. तो एक तास तिनं चोख द्यायचा, आणि त्या बदल्यात ज्या तासांना तिचं कपाळ बाकावर होतं ते सगळे तिला मिळायचे. शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा विषय एकदा नापास झालेला होता. पुन्हा नापास झाली तर इस्पितळातलं प्रशिक्षण मिळणार नव्हतं. म्हणजे अजून एक वर्ष, आणि ते वर्ष तिच्या अंगात आहे की नाही याची तिलाच खात्री नव्हती. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आमा, माझ्यात एवढंच एक सत्र उरलंय. त्याच्या पुढचं काही मी साठवलेलं नाही."

या वेळी तिच्या वाट्याला सहाव्या आठवड्याचा तास आला. विषय: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची देखभाल.

लिहायचं कसं, हाच प्रश्न होता. बोटं चालत नव्हती. वरच्या मजल्यावरची एक मुलगी म्हणाली, चिन-ताई, फोनला सांगा ना, तो ऐकून लिहितो. श्यू-चिननं सांगून बघितलं आणि फोननं भलतंच लिहिलं. तिची जीभ खाडीवरची. घरी आमची दक्षिणेची बोली, आणि सरकारी मँडरिन बोलायची म्हणजे तिचा 'श' पसरट होऊन 'स' होतो, सूर खाली पडतो. सूर चुकला तर एकाच 'मा'त आईचा घोडा होतो. इथं मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, थांब, हे माझं काम आहे.

चार दिवस दुपारी, ती वॉर्डातून आली की अर्धा तास, मी तिला स्वयंपाकघरात उभं केलं. बसून नाही, उभं. पोटातून श्वास घे. जीभ वर टेकव. शेवटच्या अक्षराला सोडू नकोस, ते मागच्या रांगेतल्या म्हातारीचं आहे. श्यू-चिन पाय सुजलेले असताना उभी राहायची, फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला, आणि म्हणायची: रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे. फोन लिहू लागला. मग तर धडाधड लिहू लागला. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत होतो, गारुड्याच्या टोपलीकडं बघावं तशा. ती सांगे, मी मान डोलवी, फोन लिही. दोघींपैकी एकीनंही चष्मा लावला नाही. मीच तिला म्हटलं होतं, अक्षरांकडं बघू नकोस, बघितलंस की आवाज पडतो.

सहा पानं झाली. वरच्या मुलीनं ती सामायिक कागदात चढवून दिली. श्यू-चिन त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली, हातात चॉपस्टिक तशाच.

नवव्या आठवड्यात परीक्षा झाली. दहाव्या आठवड्यात ज्येन बाईंनी पेपर वाटले. ज्येन बाई जुन्या नर्स, चाळीस वर्षं वॉर्ड काढलेल्या. श्यू-चिननं मला नंतर सांगितलं ते असं. बाई वर्गात आल्या, पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या की चौथा प्रश्न आठ मार्कांचा होता. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना खाण्याबद्दल काय सांगाल? बावन्नपैकी एक्केचाळीस जणांनी लिहिलं आहे, वारा सरण्याआधी जेवण.

ज्याच्या घरातला एक जरी माणूस इस्पितळात गेला असेल त्याला हे ठाऊक असतं. आतडी चिरली की ती झोपतात. ती जागी झाल्याची खूण म्हणजे वारा सरणं. तोवर पाण्याचा घोटसुद्धा नाही. आमच्याकडं सुना सासऱ्याच्या खाटेशी बसून लाजत लाजत तेवढंच विचारत असतात. ज्येन बाई म्हणाल्या, "वारा सरण्याआधी जेवण दिलंत तर तो वारा नसेल, मुलांनो. वादळ असेल. आणि त्या वादळात माणूस जाईल."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

चूक काय झाली होती हे मला समजायला अर्धा दिवस लागला, आणि समजल्यावर मी स्वयंपाकघरात खाली बसले. आमच्या लिपीत उच्चार एक आणि अक्षरं वेगळी, असं पावलोपावली असतं. 'जिन-शी' म्हणा. एका अक्षरानं लिहिलं की त्याचा अर्थ उपास. दुसऱ्यानं लिहिलं की त्याचा अर्थ जेवण. सूरही तोच, लांबीही तीच. कानाला तिळाएवढा फरक नाही. श्यू-चिन म्हणाली होती उपास. मी ऐकलं होतं उपास. फोननं लिहिलं जेवण. आणि एक्केचाळीस पोरांनी बसमध्ये, जिन्यावर, चहाच्या रांगेत उभं राहून ते डोळ्यांनी पाठ केलं.

हे एवढंच असतं तर वर्गानं कुरकुर करून सोडून दिलं असतं. पण ज्या अकरा जणांचं उत्तर बरोबर आलं, त्यांत श्यू-चिन होती. आठपैकी आठ. ती कशाला कागदातलं आपलं पान वाचेल? ते तर तिला तेरा वर्षं माहीत होतं. तिनं परीक्षेत तेच लिहिलं, हातानं, योग्य अक्षरानं.

शेजारच्या बाकावरून कुणीतरी तिच्या पेपराचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो वर्गाच्या ग्रुपवर होता. खाली कुणीतरी लिहिलं: चिन-ताईंनी आम्हाला जेवायला घातलं आणि स्वतः उपास केला.

हे वाक्य फार चाललं. बोचणारं वाक्य चांगलं रचलेलं असलं की चालतंच. मी रंगमंचावर वाढले आहे, मला ठाऊक आहे. पुढं एकेक गोष्ट निघू लागली. कागदात शिरल्यावर तिचं नाव दिसत का नाही? नाव न नोंदवता आत शिरणाऱ्याला तो कागद आपोआप एखाद्या प्राण्याचं नाव देतो, आणि श्यू-चिनला नोंदवायचं कसं हे कधी कळलंच नव्हतं. ती कधी अनामिक कोल्हा म्हणून येई, कधी अनामिक बदक. पूर्वी पोरं हसायची, आज चिन-ताई बदक आहेत म्हणून. आता म्हणू लागली, बघा, नाव लपवून लिहिलंय. गुणवत्तेच्या यादीत वर जायला केलं असेल, कुणी म्हणालं. वरच्या यादीतल्यांना प्रशिक्षणाचं इस्पितळ निवडता येतं.

श्यू-चिननं ग्रुपवर एकच ओळ टाकली, तीही वरच्या मुलीकडून लिहून घेऊन. माझी चूक झाली, माफ करा. मी तिच्यावर ओरडले. असं कुणी माफी मागतं का, काय झालं ते सांग की. ती म्हणाली, "काय सांगू, आमा? चूक माझ्या पानावर आहे." आणि मोजे काढून पाय गरम पाण्यात टाकले.

रविवारी दुपारी दोघं माझ्या घरी आली. वर्गाची संपादक को यू-थोंग, एकवीस वर्षांची, दिवसा औषधांच्या दुकानात उभी राहणारी, जीभ सुरीसारखी. आणि ल्याव तिंग-वेइ, उंच, शांत मुलगा. त्याला सत्तावन्न मार्क पडले होते. पास व्हायला साठ लागतात. चौथ्या प्रश्नाचे आठ त्याला मिळाले असते तर हा मुलगा माझ्या दारात आलाच नसता. त्याचंही या विषयाचं हे दुसरं वर्ष होतं, हे मला नंतर कळलं.

श्यू-चिन नुकतीच वॉर्डातून येऊन टर्कीभाताचा डबा उघडत होती. तिनं डबा पुढं केला, जेवलात का म्हणून विचारलं. त्या क्षणी 'जेवलात का' हा प्रश्न त्या खोलीत फार वाईट ऐकू आला. तिंग-वेइनं खाली बघितलं.

यू-थोंगनं सरळ मुद्द्याला हात घातला. वर्गात मत घेतलं होतं, तीस जण म्हणाले चिन-ताईंचा प्रवेश काढा. सोमवारी सकाळी ती चिन-ताईंना तो कागद बंद करणार होती. त्याआधी तोंडानं सांगायला आली होती, कारण मेसेजवर सांगणं तिला बरं वाटलं नाही. तेवढी सभ्यता तिच्यात होती, हे मी तेव्हाही मनात नोंदवलं.

श्यू-चिन म्हणाली, ठीक आहे.

मी म्हटलं, ठीक कसलं. मग मी सांगितलं सगळं, उभं राहून, हातवारे करून, जसं मला सांगता येतं तसं: बोटं, फोन, मिठाची बरणी, पोटातून श्वास. दोघं ऐकत होती. माझं संपल्यावर तिंग-वेइ म्हणाला, "आमा, मी खोटं म्हणत नाही. पण करून दाखवा. आत्ता."

सोपं होतं ते. श्यू-चिन भाताचा डबा बाजूला ठेवून उठली. मी तिला खूण केली, सरळ उभी राहा. फोन चहाच्या किटलीला टेकवला. तिनं श्वास घेतला आणि स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली: वारा सरण्याआधी जिन-शी.

चौघांनी वाकून बघितलं. मी चष्मा लावला होता.

फोननं बरोबर लिहिलं होतं. उपास.

रंगमंचावर एकदा माझी तलवार म्यानातून निघाली नव्हती. समोर हजार माणसं, आणि मी मूठ ओढते आहे. तेव्हाही इतकी शांतता नव्हती. मी म्हटलं, परत म्हण. तिनं परत म्हटलं. पुन्हा उपास. तिसऱ्यांदाही उपास. त्या चार आठवड्यांत ते यंत्र काय शिकलं, कुणाकडून शिकलं, मला माहीत नाही. अजूनही कुणी मला नीट सांगितलेलं नाही.

तिंग-वेइ मागं सरला. त्यानं जाकीट उचललं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. थकलेल्या माणसाचा चेहरा होता, ज्याला वाटलं होतं की कदाचित दुसरं काही निघेल. श्यू-चिन पुन्हा खुर्चीत बसली. तिनं भातावर झाकण लावलं. मला वाटतं तिच्या मनात ते वर्ष तेव्हाच संपलं होतं.

यू-थोंग मात्र उठली नव्हती. ती आपल्या फोनवर श्यू-चिनची सहा पानं वर-खाली करत होती. मला वाटलं, पुरावा गोळा करतेय. मग ती थांबली. ओठ हलवत एक ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"चिन-ताई," ती म्हणाली, "रुग्णाला गप्पा खोकून बाहेर काढायला सांगायचं, असं तुम्ही लिहिलंय."

श्यू-चिनला काही कळेना. गप्पा कशाला? कफ. कफ खोकून काढायचा. यू-थोंगनं फोन तिच्यासमोर धरला. कफाचा आणि गप्पांचा उच्चार आमच्याकडं एकच. पानावर गप्पा होत्या. ती पुढं वाचू लागली, आता मोठ्यानं. आतड्यांचा आवाज ऐकावा, इथं लिहिलं होतं लांब आवाज ऐकावा. सहा पानांत तिनं अकरा जागा काढल्या. कुणी मुद्दाम फसवायला बसला तर एक शब्द बदलेल, नेमका. रुग्णाकडून गप्पा खोकवून घेणार नाही. हे बहिऱ्यानं नव्हे, फक्त कान असलेल्यानं लिहिलं होतं, ज्याला डोळा नाही आणि ज्यानं कधी आजारी माणूस बघितलेला नाही.

तिंग-वेइ जाकीट हातात घेऊन उभाच होता. त्यानं विचारलं, हे एवढं सगळं कुणाला दिसलं कसं नाही.

यू-थोंगनं पान वर सरकवलं. पानाच्या वरच्या बाजूला हिरवी खूण होती. तपासलं, को यू-थोंग. तिला ती खूण आमच्यापैकी कुणी दाखवायच्या आधी फोन खिशात टाकता आला असता. श्यू-चिन काही बोलली नसती, मला तर ती खूण दिसलीही नसती. पण ती म्हणाली, "मी वाचलं नव्हतं. त्या आठवड्यात दुकानात दोघी रजेवर होत्या. मी नुसती खूण केली. सगळ्याच पानांवर करते."

मग तिनं हिरवी खूण काढून टाकली, आमच्यासमोर. आणि हळू आवाजात म्हणाली की तीस जणांनी मत दिलं, पण त्या तिसांनीही हे पान पाठ केलंय, गप्पांसकट. कुणाला खटकलं नाही.

त्यावर तिंग-वेइ हसला. मोठ्यानं नव्हे, नाकातून. म्हणाला, मला गप्पांचं पाठ होतं. प्रश्न आला असता तर लिहिलंही असतं. मग त्याचं हसू गेलं आणि त्यानं विचारलं, ठीक आहे, पण माझ्या तीन मार्कांचं काय?

त्याचं काही नव्हतं. ज्येन बाई मार्क बदलणार नव्हत्या, आणि बदलू नयेत असंच मलाही वाटतं. वॉर्डात गेल्यावर कोण बदलून देणार आहे? श्यू-चिननं त्याला भलतंसलतं आश्वासन दिलं नाही. ती म्हणाली, "तेरा वर्षांत मी कुठल्या नातेवाइकाला जिन-शी म्हटलेलं नाही, पोरा. कुणीच म्हणत नाही. आम्ही म्हणतो, खायचं नाही, प्यायचं नाही, वारा सरला की मला सांगा. मी पानातही तेच सांगायला हवं होतं. मी परीक्षेची भाषा बोलायला गेले." मग ती म्हणाली, "पेपराची भाषा मला येत नाही, माणसाची येते. हवी असेल तर बस माझ्याजवळ. शेवटच्या परीक्षेला चाळीस टक्के आहेत."

तो जाकीट घालून गेला. यू-थोंगनं जाताना उरलेला भात खाऊन टाका म्हणून श्यू-चिनला दटावलं.

सोमवारी कागद उघडला. मी श्यू-चिनपेक्षा जास्त घाबरले होते. ती वॉर्डात निघायच्या घाईत, बूट घालता घालता तिनं बघितलं. यादीत बावन्न नावं होती, तिचंही होतं. यादीत एक रकाना वाढला होता. लिहिणारा, आणि वाचणारा. ज्यानं लिहिलं त्यानं तपासायचं नाही, आणि हिरवी खूण आता वाचणाऱ्याच्या नावानं पडणार. ग्रुपवर यू-थोंगनं सगळं जसं घडलं तसं लिहिलं होतं, आपल्या न वाचलेल्या पानांसकट. काही जणांनी हसरे चेहरे टाकले. काहींनी काहीच टाकलं नाही. उपासाचं ते वाक्य ज्यानं रचलं होतं त्यानं ते मागं घेतलं नाही, आणि वर्गात काही दिवस ते ऐकू येतच राहिलं. श्यू-चिनच्या कपाळाखाली जाकीट सरकवणाऱ्या हातांपैकी दोन-तीन हात परत आले नाहीत.

कुणाला आजारपण आलं म्हणून बाराव्या आठवड्याचा एक तास पुन्हा तिच्याकडं आला. लिहिणारी: लाय श्यू-चिन. वाचणारा: ल्याव तिंग-वेइ. हे यू-थोंगनं मुद्दाम केलं की चिठ्ठी पडली, मी विचारलं नाही.

तो गुरुवारी चार वाजता आला. बॅग ठेवली, आमा, पाणी द्या म्हणाला, आणि बसून स्वतःचा संगणक उघडला. फोनला सांगायची गरज नाही, तुम्ही मला सांगा, मी लिहितो, असं त्यानं श्यू-चिनला सांगितलं. ती वॉर्डातून तशीच आली होती, अंगाला औषधाचा वास. ध्वनिमुद्रण थोडं ऐकायची, थांबवायची, मग ज्येन बाईंचं वाक्य आपल्या शब्दांत सांगायची. मध्येच तो विचारायचा, म्हणजे नक्की काय होतं? मग ती हातानं दाखवायची, उशी कुठं धरायची, नळी कुठून लोंबते, म्हातारे कसे खोटं बोलतात की दुखत नाही. तो तेही लिहायचा, कंसात.

तिसऱ्या पानावर तिचा आवाज मंद होत गेला. जखमेची पट्टी बदलताना, ती म्हणाली, आणि पुढं काही आलं नाही. हनुवटी छातीला टेकली होती. मी तोंडावर बोट ठेवून त्याला खूण केली, झोपू दे थोडं. त्यानं घड्याळाकडं बघितलं. साडेसहाला वर्ग होता, आणि पानं आज रात्रीच्या आत जायची होती. त्यानं टेबलावर बोटांनी दोनदा ठोकलं.

"चिन-ताई, जखमेची पट्टी बदलताना?"

तिनं डोळे न उघडताच पुढचं वाक्य सांगितलं. त्यानं ते लिहिलं, वाचलं, आणि एक अक्षर बदललं.